आकाशातील वीज आणि उघड्यावरचा माणूस

२५ जून २०२० रोजी बिहारमध्ये वीज पडून एकाच दिवसात ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हे मृत्यू एका गावी किंवा एका दुर्घटनेत झाले नव्हते. वीसहून अधिक जिल्ह्यांत, निरनिराळ्या शिवारांत, कोठे एक तर कोठे चार असे ते विखुरलेले होते. पावसाने नुकताच जोर धरला होता, भातशेतीची कामे चालू होती आणि मृतांपैकी पुष्कळ जण त्या वेळी शेतातच होते.

महापूर आला किंवा भूकंप झाला म्हणजे त्याची वार्ता देशभर पसरते. वीज मात्र माणसांना एकेकटे गाठते. त्यामुळे तिने किती जीव घेतले हे वर्षाअखेरीस बेरीज केल्यावरच ध्यानात येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार भारतात वीज पडून २०२१ मध्ये २,८८० आणि २०२२ मध्ये २,८८७ माणसे दगावली. नैसर्गिक आपत्तींमुळे २०२२ मध्ये जेवढे मृत्यू नोंदले गेले, त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू एकट्या विजेने घडवून आणले होते. मध्य प्रदेश, बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश, झारखंड ही राज्ये या यादीत वरच्या क्रमांकांवर असतात. महाराष्ट्रात विदर्भ व मराठवाड्याला याची झळ अधिक पोहोचते.

११ जुलै २०२१ रोजी जयपूरजवळच्या आमेर किल्ल्यासमोरील टेहळणी बुरुजावर वीज पडून अकरा जण ठार झाले. पाऊस पाहावयास व छायाचित्रे काढावयास गेलेले हे लोक होते. या घटनेची बातमी परदेशांतील वृत्तपत्रांतही छापून आली. त्याच दिवशी उत्तर प्रदेशात विजेने सुमारे चाळीस माणसे मेली. ती बहुतेक खेड्यांतील होती आणि त्यांची दखल एका ओळीपलीकडे फारशी कोणी घेतली नाही.

मग वीज पडते तरी कोणावर? महाराष्ट्रात जुनी समजूत अशी आहे की, ती पायाळू माणसावर, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याच्यावर पडते. कोठे तिला पापाची शिक्षा मानतात. या समजुतींना कोणताही आधार नाही. शिवाय त्यामुळे मृताच्या घरच्यांना दुःखाबरोबर बदनामीही सोसावी लागते. विजेला माणसाचा जन्म कळत नाही आणि कर्मही कळत नाही. माणूस कोठे उभा आहे, एवढ्यावरच सारे अवलंबून असते.

गडगडाटी ढग पुष्कळदा दहा किलोमीटरहून अधिक उंच वाढतो. त्याच्या पोटात वर चढणाऱ्या व खाली उतरणाऱ्या वाऱ्यांमुळे हिमाचे बारीक कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळत राहतात. या घर्षणाने हलक्या हिमकणांवर धन विद्युतभार येतो व ते वर जातात. जड गारांवर ऋण भार साचतो व त्या ढगाच्या खालच्या भागात राहतात. हवा विजेला सहसा वाट देत नाही. परंतु भार फार वाढला की तिचा विरोध मोडून पडतो आणि विजेची एक शाखा टप्प्याटप्प्याने जमिनीकडे झेपावते. तिला भेटण्यासाठी जमिनीवरील उंच वस्तूंच्या टोकांतूनही विद्युतरेषा वर निघतात. त्या दोहोंची गाठ पडली की प्रचंड प्रवाह वाहतो. त्या वाटेवरील हवा क्षणार्धात सुमारे तीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि स्फोटासारखी पसरते. तोच गडगडाट होय.

भाताच्या मोकळ्या खाचरात किंवा माळावर उंच वस्तू कोणती? बांधावरचे एकुलते एक झाड, नाहीतर माणूस स्वतः. पाऊस आला की माणूस सवयीने झाडाखाली धावतो आणि तेथेच घात होतो. झाडावर पडलेली वीज खोडातून खाली येते. लाकडापेक्षा माणसाचे ओले शरीर तिला सोपी वाट देते, म्हणून ती मध्येच खोड सोडून जवळच्या माणसाकडे उडी घेते. उरलेला प्रवाह जमिनीत चहूकडे पसरतो व अंतराबरोबर क्षीण होत जातो. अशा जमिनीवर दोन पाय दूर ठेवून उभे असलेल्या माणसाच्या एका पायातून प्रवाह वर चढतो व दुसऱ्यातून उतरतो. विजेच्या बळींपैकी बरेच जण अशा जमिनीतल्या प्रवाहाने जातात. त्यांच्या अंगावर वीज थेट पडलेली नसते. गाईबैलांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक आणि हृदय त्यांच्या मध्ये, म्हणून झाडाखाली दाटीने उभा राहिलेला कळप एकाच वेळी कोसळतो.

पायांतील रबरी चपलेने वीज अडत नाही; जी कित्येक किलोमीटर हवा भेदून आली, तिला बोटभर रबराचे काय? खिशातील मोबाइल विजेला ओढून घेतो ही समजूतही खरी नाही. हातातील विळा वा कुदळ लोखंडाची आहे म्हणून वीज शोधत येत नाही. पण खांद्यावर उभे धरलेले अवजार किंवा उघडलेली छत्री माणसाची उंची वाढवते, आणि धोका उंचीत आहे. पाऊस नसला तरी निर्धास्त राहता येत नाही, कारण ढगापासून दहा किलोमीटरवरही वीज पडू शकते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर यावयास सुमारे तीन सेकंद लागतात. तीस मोजून होण्याच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आली असे समजून उघड्यावरून निघावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परतू नये.

निघावे, पण जावे कोठे? पक्के बांधलेले घर किंवा शाळा, अथवा काचा लावलेली, धातूच्या छताची बस वा मोटार, हे आसरे चांगले. घरातही नळ, विजेची उपकरणे, तारा व उघडी खिडकी यांपासून दूर राहावे. झोपडी, गवती छपराची खोपटी, मचाण, ट्रॅक्टर यांत पाऊस कमी लागत असेल. विजेपासून संरक्षण मिळत नाही. आसरा मुळीच नसेल तर झाडापासून व पाण्यापासून दूर, एकमेकांत अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे पडू नये. तथापि हा निरुपायाचा उपाय आहे. त्याने धोका थोडासा घटतो, टळत नाही.

खरी अडचण येथेच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप तयार केले आहे. वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिसरात वीज पडण्याची शक्यता असल्यास ते इशारा देते. हे साधन निःसंशय उपयोगी आहे. परंतु भाताची रोवणी करणारी बाई गुडघाभर चिखलात वाकलेली असते. मोबाइल असलाच तर तो बांधावरच्या पिशवीत असतो. इशारा कळला तरी गाव दूर, आणि काम अर्धवट टाकून निघाल्यास दिवसाची मजुरी बुडण्याचे भय. रोवणीचे दिवस मोजके असतात, शेतमालकालाही घाई असते. गुराख्याला जनावरे रानात सोडून पळता येत नाही. म्हणून विजेच्या बळींत अल्पभूधारक शेतकरी, शेतमजूर, आदिवासी व गुराखी यांची संख्या मोठी असावी यात नवल नाही. ढग दिसताच काम थांबवले तर मजुरी कापली जाणार नाही, एवढे मालक व मजूर यांच्यात हंगामापूर्वी ठरले, तर एकही पैसा खर्च न करता काही जीव वाचू शकतील.

आसरा मात्र बांधावाच लागतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकात सुचवलेला तडितरक्षक आजही तोच आहे : इमारतीच्या माथ्यावर टोकदार धातूचा दांडा, त्यास जोडलेली तांब्याची वा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि ती जमिनीत खोल पुरलेली. वीज या वाटेने जमिनीत निघून जाते. त्याचे संरक्षण थोड्याच परिसरापुरते असते. गावातील शाळेवरचा दांडा दोन किलोमीटरवरच्या शेताच्या कामाचा नाही. त्यासाठी शिवारातच, पायी काही मिनिटांत पोहोचता येईल अशा अंतरावर, तडितरक्षक बसवलेले पक्के निवारे हवेत. बांगलादेशाने २०१६ मध्ये विजेला राष्ट्रीय आपत्ती ठरवले आणि पुढे ताडाची झाडे लावण्याचा कार्यक्रम घेतला. उंच ताड वीज स्वतःवर घेतो हे खरे. पण तो वाढण्यास अनेक वर्षे लागतात आणि त्याच्या बुंध्याशी उभा राहणारा माणूस धोक्यातच असतो. ओडिशाने २०१५ मध्येच विजेला राज्याची आपत्ती म्हणून मान्यता दिली. तेथे २ सप्टेंबर २०२३ रोजी दोन तासांत सुमारे ६१ हजार वेळा वीज चमकल्याची नोंद झाली. त्या दिवशी बारा माणसे दगावली.

वीज लागलेला प्रत्येक माणूस मरत नाही. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही, त्याला लगेच स्पर्श करता येतो. हृदय व श्वास बंद पडणे हे मृत्यूचे मुख्य कारण. पुष्कळदा हृदय पुन्हा चालू होते, पण श्वास थांबलेलाच राहतो. अशा वेळी छातीवर जोराने व भरभर दाब देत राहणे आणि शिकलेले असल्यास तोंडाने श्वास देणे यामुळे माणूस परत येऊ शकतो. झारखंड, ओडिशा, छत्तीसगड या भागांत काही ठिकाणी अशा माणसाला गळ्यापर्यंत शेणात पुरून ठेवतात. त्यात नेमकी मोलाची मिनिटे जातात. एकाच वेळी अनेक जण पडले असतील, तर कण्हणाऱ्यांना थोडे थांबवून निपचित पडलेल्यांकडे आधी धावावे, कारण जो ओरडतो आहे त्याचा श्वास चालू आहे.

मृत्यू झालाच, तर घरच्यांना शासनाकडून आर्थिक साहाय्य मिळू शकते. त्यासाठी सामान्यतः पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. दूरच्या पाड्यांवर पावसात प्रेत तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत नेणे कठीण असते. मग त्याच दिवशी अंत्यविधी उरकला जातो आणि पुढे अर्जासोबत जोडावयास कुटुंबाजवळ कोणताच कागद नसतो.