कम्मचे झाले काम, मग 'कामेसु'चे काय?

वर्षावासातला रविवार. वंदना आटोपलेली, ग्रंथवाचनाला अवकाश, बाहेर धो धो पाऊस आणि विहारात वीस-पंचवीस पोरे. गोंगाटाला आवर घालावा म्हणून आम्ही फळ्यावर एक वाक्य लिहिले : 'ती होडी जाडी होती.' म्हटले, आता शेवटाकडून वाचा. क्षणभर शांतता, मग एकच हशा. लगेच कोणी 'रामाला भाला मारा' काढले, कोणी 'टेप आणा आपटे'. आम्ही 'चिमा काय कामाची' लिहिले, तर सातवीतल्या एका मुलीने आम्हालाच पकडले. "काका, उलटे वाचले की सुरुवातीची ची दीर्घ येते!" आम्ही निमूटपणे वाक्य पुसले.

मग पालीकडे वळलो. हत्थ, भत्त, सप्प, अज्ज असे चार शब्द लिहिले आणि मराठीत ओळखायला सांगितले. पहिला 'हात' सापडला आणि पोरांना किल्लीच मिळाली. जोडाक्षरातले एक अक्षर गळते, त्याच्या आधीचा 'अ' लांबून 'आ' होतो. भत्तचा भात, सप्पचा साप, अज्जचे आज, सत्तचे सात, अट्ठचे आठ. मग्ग म्हणजे? एकजण म्हणाला, "माग! आपण माग काढतो तो." ज्या अट्ठंगिक मग्गाचे नाव पोरे नुसती घोकत होती, तो असा बोलीत येऊन बसला. नियम सगळीकडे लागू पडत नाही, हेही लगेच कळले. एकाने धम्मचे 'धाम' केले आणि हत्थीचा हत्ती तर जोडाक्षर सोडायलाच तयार नव्हता.

कम्मचे काम झाले तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेल्या आजी बोलल्या. नगरपालिकेच्या झाडूखात्यातून निवृत्त झालेल्या. "मग तिसऱ्या शिलातलं 'कामेसु' म्हणजे कामातच ना? कामात लबाडी करायची नाही. मी एक गल्ली कधी सोडली नाही, पावसातसुद्धा."

पोरे हसली. आम्हाला मात्र हसू आले नाही. पालीतला 'काम' म्हणजे वासना. तिसरे शील व्यभिचारापासून दूर राहण्याचे आहे. हे आजींना आम्ही आत्ता सांगत होतो! इतकी वर्षे आम्ही कार्यकर्त्यांनी उच्चार घोटून घेतले, अर्थ सांगायला वेळ काढला नाही. आजींनी विचारले, "मग कामाचं कुठल्या शिलात येतं?" म्हटले, काम न करता पगार घेणे म्हणजे न दिलेले घेणेच, ते दुसऱ्यात धरा. आजी म्हणाल्या, "म्हणजे शील चुकीचं धरलं, पण मोडलं नाही."

असला खेळ विहारात शोभतो का, असे एका वडीलधाऱ्यांनी विचारले. खुद्दकपाठात 'कुमारपञ्ह' म्हणून दहा प्रश्न आहेत : एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय, असे दहापर्यंत. एकाचे उत्तर आहार, चाराचे चार आर्यसत्ये, आठाचे अष्टांगिक मार्ग. अट्ठकथा सांगते की हे प्रश्न सात वर्षांच्या सोपाकाला विचारले होते. 'सोपाक' हा शब्दच त्या काळी हीन लेखलेल्या माणसासाठी वापरीत. त्या पोराने उत्तरे दिली आणि त्याला उपसंपदा मिळाली.

बाबासाहेबांनी स्वतः पाली शब्दकोश रचला होता. महाराष्ट्र शासनाने तो 1998 साली त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात छापला. त्यात पाली शब्दांना मराठी अर्थही दिले आहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठी आणि पाली या दोघींना एकाच वेळी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो खंड आपल्या विहाराच्या कपाटात आहे का, एवढे जरूर पाहा. असला तर कुलूप उघडा.

घरी भाकऱ्या थापता थापताही हा खेळ होतो. कण्ण, वग्घ, चम्म पोरांना घाला. घम्म म्हणजे उष्मा. त्यातून मराठीत काय निघाले, ते कारखान्यातून आलेल्या बाबांना विचारायला सांगा. दुद्धला 'आ' चालत नाही, तिथे 'ऊ' लागतो. आणि प्रत्येक शिलात येणाऱ्या 'सिक्खापदं'मधल्या सिक्खाचे मराठी? ते आम्ही सांगणार नाही. आजींनी ओळखले आहे आणि पोरांना सांगायचे नाही, असे आमच्याकडून वदवून घेतले आहे.