रिकाम्या यादीचा होकार

दहावीच्या एका विद्यार्थ्याचे गुण घ्या: ६२, ४८, ७१, ३३, ९०. पोरगं सगळ्या विषयांत पास आहे का, एवढंच प्रोग्रामला विचारायचं आहे. पूर्वी यासाठी लूप लिहायचा, बाहेर एक फ्लॅग ठेवायचा, नापास विषय सापडला की तो बदलायचा आणि लूप तोडायचा. साध्या प्रश्नासाठी पाच-सहा ओळी, आणि त्यातली एखादी हमखास चुकायची.

जावास्क्रिप्टमध्ये हे काम आता ‘एव्हरी’ करतं. ॲरेवर ते चालवताना एक छोटं फंक्शन द्यायचं: ‘गुण ३५ किंवा जास्त आहेत का?’ एका घटकाकडे बघून हो किंवा नाही सांगणारं हे फंक्शन म्हणजे प्रेडिकेट. ६२ ला हो, ४८ ला हो, ७१ ला हो, ३३ ला नाही. उत्तर तिथेच ठरलं. ९० कडे कुणी बघतही नाही. ‘सम’ याच्या उलट वागतं. एकतरी घटक निकषात बसला की ते ‘ट्रू’ म्हणून थांबतं. ही जोडी २००५ मध्ये फायरफॉक्स १.५ बरोबर आली आणि २००९ च्या एक्मास्क्रिप्ट ५ मध्ये प्रमाण भाषेचा भाग झाली. पायथनमध्ये ‘ऑल’ आणि ‘एनी’ २००६ पासून आहेत.

आता यादी रिकामी करा. एकही गुण नाही. ‘एव्हरी’ म्हणतं, ट्रू. नवशिक्याला ही भाषेतली चूक वाटते, पण उत्तर अगदी बरोबर आहे. ‘सगळे पास’ हे विधान खोटं ठरवायला किमान एक नापास दाखवावा लागतो. म्हणजे ‘सगळे पास’ आणि ‘एकही नापास नाही’ ही दोन्ही विधानं एकच. ‘सगळे’ आणि ‘एकतरी’ यांची नकारातून होणारी ही अदलाबदल ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ मध्ये आपल्याच देशात, मदुराईला जन्मले. रिकाम्या यादीत नापास दाखवणार कुठून? शिवाय एका यादीचे कुठेही दोन तुकडे केले आणि दोन्हींची उत्तरं जोडली, तरी निकाल तोच यायला हवा. एखादा तुकडा रिकामा निघाला आणि त्याने ‘फॉल्स’ म्हटलं, तर अख्खा निकालच बिघडेल.

तर्क पक्का असला तरी व्यवहारात इथे फार जपावं लागतं. ‘सगळ्या अधिकाऱ्यांची मंजुरी आली का?’ असं विचारणारा कोड डोळ्यांसमोर आणा. अधिकाऱ्यांची यादी काही बिघाडामुळे रिकामी आली, तर एकाही सहीशिवाय फाइल मंजूर होते! पैसे किंवा परवानगी यांच्याशी संबंध असेल तिथे यादीची लांबी शून्याहून जास्त आहे ना, ही अट आधी लिहायलाच हवी. अशा कोडच्या रिव्ह्यूमध्ये मी तरी हीच ओळ सर्वांत आधी शोधेन.

दुसरा धोका त्याहून लपलेला आहे. प्रेडिकेट ‘असिंक’ असेल, म्हणजे सर्व्हरला विचारून सावकाश उत्तर देणारं असेल, तर ते हो-नाही परत करत नाही, प्रॉमिस परत करतं. प्रॉमिस हा ऑब्जेक्ट, आणि जावास्क्रिप्टच्या लेखी प्रत्येक ऑब्जेक्ट खराच. मग सर्व्हरने सगळ्यांना नकार दिला तरी ‘एव्हरी’ खुशाल ट्रू म्हणतं, आणि पडद्यावर एररही येत नाही. अशा वेळी ‘मॅप’ने सगळे प्रॉमिस गोळा करायचे, ‘प्रॉमिस डॉट ऑल’ला ‘अवेट’ लावून खरी उत्तरं हातात घ्यायची आणि मगच त्यांच्यावर ‘एव्हरी’ चालवायचं.