वृद्धाश्रमातील कुलूपबंद कपाट

वृद्धाश्रमाची पाहणी करावयास गेलेली व्यक्ती सामान्यतः खाटा मोजते, स्वयंपाकघराची स्वच्छता पाहते आणि नोंदवह्या चाळते. न्हाणीघराच्या कोपऱ्यातील फिनेलची बाटली, उशीखाली साठवलेल्या गोळ्या किंवा देवघरातील काड्यापेटी यांकडे तिचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक ज्या संस्थेत अनेक वृद्ध एकत्र राहतात, तेथे अशा किरकोळ वस्तूंची व्यवस्था हा जिवाचा प्रश्न ठरू शकतो.

आपल्या राज्यात १९९५ पासून ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजनेखाली स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने वृद्धाश्रम उभे राहिले. पुढे आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासंबंधीचा केंद्रीय कायदा २००७ मध्ये संमत झाला. निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, प्रारंभी १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने असावा, अशी तरतूद या कायद्याच्या कलम १९ मध्ये असून, तेथील व्यवस्थेचा दर्जा ठरविण्याचा अधिकारही राज्य शासनास देण्यात आलेला आहे. तथापि कोणती वस्तू कोणाच्या हाती असावी, हे अखेरीस त्या त्या संस्थेच्या व्यवस्थापकालाच रोज ठरवावे लागते.

स्मृतिभ्रंशामुळे हा प्रश्न अधिक बिकट होतो. साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख भारतीयांना हा विकार असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडण्यात आला. घरी सांभाळणे अशक्य झाले म्हणूनच अनेकांना वृद्धाश्रमात आणले जात असल्याने तेथे हे प्रमाण अधिक असणे स्वाभाविक होय. हा केवळ विसरभोळेपणा नव्हे. वस्तू डोळ्यांना दिसते, परंतु ती कशाची आहे हे उमगत नाही. वास घेण्याची शक्तीही मंदावते. पाण्यात मिसळलेले पांढरे फिनेल दुधासारखे दिसते. ट्रंकेतील डांबराची गोळी पेपरमिंटसारखी, तर पूजेचा कापूर खडीसाखरेसारखा वाटतो. कापूर पोटात गेल्यास काही मिनिटांतच आकडी येऊ शकते, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. सर्वांत घातक सवय म्हणजे फिनेल, ॲसिड वा रॉकेल सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणे. ज्याची स्मृती शाबूत आहे असा माणूसही तेथे फसतो! शौचकूप साफ करण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर शेजारी ठेवू नयेत, हेही सफाई कामगारांना आवर्जून सांगावयास हवे. दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो.

औषधांचा धोका निराळा. एकाची मधुमेहाची गोळी शेजारच्या खाटेवरील निरोगी वृद्धाने घेतली, तर त्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि काही गोळ्यांचा परिणाम बराच काळ टिकून राहतो. म्हणून औषधे एका कुलूपबंद कपाटात, प्रत्येकाच्या नावाच्या वेगळ्या डब्यात असावीत. गोळी हातावर ठेवून निघून न जाता ती गिळली गेल्याचे पाहावे व नंतरच नोंद करावी. नातेवाईक भेटीस येताना वेदनाशामक गोळ्या, चूर्णे व काढे घेऊन येतात. प्रेमाने आणलेल्या या पिशवीची चौकशी करणे अवघड वाटते, परंतु प्रवेशाच्या वेळीच नियम समजावून दिला असल्यास कोणी रागावत नाही.

गरम पाण्याचा विचार बहुधा केला जात नाही. ६० अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्याने सुमारे पाच सेकंदांत गंभीर भाजते. ४९ अंशांस त्याच इजेला काही मिनिटे लागतात. वृद्धांची कातडी पातळ आणि हालचाल मंद असल्याने बंबाचे तपमान कमी ठेवणे हाच खरा उपाय. दिवेलागणीची वेळ तर विशेष जपण्याची. स्मृतिभ्रंश झालेल्या अनेकांची अस्वस्थता याच सुमारास वाढते; निरांजन पेटते तेही तेव्हाच, आणि पुष्कळ ठिकाणी सेवकांची पाळीही त्याच वेळी बदलते. ज्या खोलीत प्राणवायूचे यंत्र चालू आहे तेथे निरांजन, उदबत्ती अथवा विडी यांना मुळीच स्थान नसावे.

मग सर्वच वस्तू कुलपात घालाव्यात काय? तसे करणे सोपे आहे, पण योग्य नव्हे. आयुष्यभर विळीवर भाजी चिरलेल्या आजींना निवांत बसवून ठेवणे, किंवा स्वतःची दाढी स्वतः करणाऱ्या आजोबांचा वस्तरा काढून घेणे, म्हणजे त्यांच्या हातातले उरलेसुरले काम हिरावून घेणे होय. ‘धोका पत्करण्याची प्रतिष्ठा’ हा विचार अमेरिकेतील रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्ये मतिमंद व्यक्तींच्या संदर्भात मांडला होता. तो वृद्धांनाही लागू पडतो. फिनेल, ॲसिड, उंदराचे औषध यांची कोणाही रहिवाशास गरज नसते. ती सर्वांपासून दूर असावीत. परंतु अडकित्ता, चुन्याची डबी, सुई, कात्री, वस्तरा यांबाबतचा निर्णय माणूस पाहून करावा. एखाद्या आजोबांना विजेवर चालणारे दाढीचे यंत्र देता येते, आजींना सोबतीस कोणी बसवून शेंगा सोलावयास देता येतात, निरांजनाऐवजी विजेचा दिवा लावून घंटा मात्र त्यांच्याच हाती ठेवता येते. निर्णय कोणत्या कारणाने घेतला हे लिहून ठेवावे आणि प्रकृतीत बदल होताच तो पुन्हा तपासावा. नैराश्याने ग्रासलेल्या व्यक्तीबाबत डॉक्टरांचा सल्ला घेऊन अधिक सावध राहावे लागते. तिची स्मृती उत्तम आहे एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये.

कपाटाची किल्ली प्रत्येक पाळीत एकाच जबाबदार सेवकाकडे असावी आणि पाळी बदलताना ती हातोहात सोपविली जावी. खिळ्याला अडकवलेली किल्ली म्हणजे कुलूप नसल्यासारखेच. आणीबाणीचा बाहेरचा दरवाजा मात्र आगीच्या प्रसंगी सहज उघडेल असाच हवा. वस्तू कोंडावयाच्या, माणसे नव्हेत.

एवढे करूनही अपघात घडलाच, तर ॲसिड, फिनेल वा रॉकेल प्यालेल्या व्यक्तीस मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते आणि रॉकेल फुप्फुसात शिरते. डोळ्यात चुना गेल्यास स्वच्छ पाण्याची धार किमान पंधरा मिनिटे सोडावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक दूरध्वनीजवळ ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. रुग्णालयात जाताना ती बाटली किंवा गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे, कारण नेमके काय पोटात गेले हे रुग्ण सांगू शकेलच असे नाही.