ॲम्प आणि कॅबिनेटची पत्रिका जुळली का?

फेस्टचा सीझन आला की कॉलेज बँडची धावपळ ठरलेली. ॲम्प कुणाच्या तरी ओळखीतला, स्पीकर कॅबिनेट भाड्याचं, केबल तिसऱ्याचीच. साउंडचेकला हातात दहा मिनिटं. मग काय, जॅक बसतोय ना, लाव आणि कर सुरू! घोळ इथेच होतो. जॅक कुठेही बसतो, पण प्रत्येक ॲम्पचं प्रत्येक कॅबिनेटशी जमतंच असं नाही. आणि काही जळलं, तर खर्च बँडच्याच खिशातून जातो.

बहुतेक जण फक्त वॅट बघतात. खरं तर आधी बघायचे ते ओहम. ट्यूब ॲम्पच्या मागे बहुतेक वेळा ४, ८, १६ असे पर्याय असतात. कॅबिनेट ८ ओहमचं असेल तर ८च निवडायचं. सॉलिड-स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवाल्या ॲम्पवर कमीत कमी किती ओहम चालतील ते लिहिलेलं असतं. तिथे ४ लिहिलं असेल तर ८ किंवा १६चं कॅबिनेट बिनधास्त लावा, आवाज थोडा कमी होईल इतकंच. पण ४च्या खाली गेलात तर ॲम्पमधून जास्त करंट खेचला जातो, तो तापतो आणि उडूही शकतो.

एका ॲम्पला दोन कॅबिनेट लावताय? मग गणित नीट करा. स्पीकरचे दोन जॅक सहसा पॅरलल जोडलेले असतात. म्हणजे ८ आणि ८ मिळून १६ नाही, ४ होतात!

आता वॅट. इथे जीव स्पीकरचा असतो. सेलेशनचा ग्रीनबॅक हा गाजलेला स्पीकर २५ वॅटचा. असे चार बसवलेल्या कॅबिनेटची क्षमता १०० वॅट. त्याला १०० वॅटचा ट्यूब ॲम्प लावला की कागदावर हिशोब जुळतो. पण व्हॉल्यूम फुल करून डिस्टॉर्शनमध्ये वाजवलं की ॲम्प १००च्याही वर जातो आणि व्हॉइस कॉइल जळू शकते. म्हणून कॅबिनेटची क्षमता ॲम्पच्या दीडपट-दुप्पट असलेली बरी. मार्शलच्या १९६०ए कॅबिनेटमध्ये ७५ वॅटचे चार स्पीकर, म्हणजे ३०० वॅट. त्याला ५० वॅटचा ॲम्प आरामात चालतो. आणि आवाज कमी पडेल ही भीती नको. ५० आणि १०० वॅटमध्ये फरक जेमतेम ३ डेसिबलचा, म्हणजे 'दुप्पट आवाज' वगैरे काही नाही.

दोन गोष्टी मात्र कधीच करायच्या नाहीत. एक, स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प वाजवायचा नाही. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो आणि ती दुरुस्ती महागात पडते. दोन, ॲम्प आणि कॅबिनेटच्या मध्ये गिटारची केबल लावायची नाही. दिसायला दोन्ही सारख्याच, पण गिटार केबलची आतली तार बारीक असते, स्पीकरचा करंट तिला झेपत नाही. तिथे स्पीकर केबलच हवी.

सोप्पा उपाय सांगू? सामान ठरवतानाच ॲम्प आणि कॅबिनेट, दोघांच्याही पाठीचा फोटो मागवा आणि बँडच्या ग्रुपवर टाका. आकडे तिथेच जुळवा. स्टेजवर केबल किंवा ओहमचा स्विच बदलायची वेळ आलीच, तर आधी ॲम्प बंद करा. मग खुशाल वाजवा!