शिलुक लोक आणि त्यांची भाषा

'फाशोदा' हें नांव आपल्यापैकीं पुष्कळांनीं इतिहासांत वाचलें असेल. १८९८ सालीं श्वेत नाईलच्या कांठीं इंग्रज सेनापति किचनेर व फ्रेंच अधिकारी मार्शां तेथें समोरासमोर आले, आणि दोन राष्ट्रांत युद्ध पेटतें कीं काय असा प्रसंग ओढवला. परंतु ती राजधानी ज्यांची, त्या शिलुक लोकांचा नामनिर्देश त्या वृत्तांतांत क्वचितच आढळतो.

आजच्या दक्षिण सुदानांत, मुख्यतः श्वेत नाईलच्या पश्चिम तीरावर, त्यांचीं गांवें आहेत. ज्वारी पिकवावी, गुरें पाळावींत, मासे धरावेत, हा त्यांचा जीवनक्रम. ते स्वतःस 'चोलो' म्हणवितात. 'शिलुक' हें अरबी वळणाचें रूप होय. आपल्या भाषेस ते 'धोक चोलो' म्हणतात. 'धोक' म्हणजे तोंड.

ही भाषा दिंका व न्युएर यांच्या नात्यांतली आहे. आपल्या वैयाकरणांनीं ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत असे स्वरांचे तीन भेद सांगितले. पण प्लुत आपण हांक मारतांनाच काय तो उच्चारतों. शिलुक भाषेंत तीन प्रकारची लांबी रोजच्या शब्दांत येते व तिनें अर्थ पालटतो. सुराच्या चढउतारानेंहि तसेंच घडतें. आपण शब्दाच्या शेवटीं प्रत्यय जोडतों. शिलुक माणूस पुष्कळदा एकाक्षरी शब्दाच्या पोटांतच सूर वा लांबी बदलून तें काम साधतो.

त्यांच्या राजास 'रेथ' म्हणतात. राजा वृद्ध वा रोगी झाला कीं त्याचा विधिपूर्वक वध करीत, असें फ्रेझर यांनीं जगभर प्रसिद्ध केलें. १९४८ सालच्या एका व्याख्यानांत इव्हान्स-प्रिचर्ड यांनीं त्याबद्दल शंका घेतली. राजवधामागें बहुधा राजपुत्रांचीं बंडेंच असावींत, असें त्यांचें मत. राज्यारोहणाचा विधि मात्र खरोखर अद्भुत आहे. आद्य पुरुष न्यिकांग याची प्रतिमा वाजतगाजत आणतात. तिच्या पक्षाची नव्या राजाशीं लुटुपुटीची लढाई होते आणि राजा पकडला जातो. मग प्रतिमा आसनावर ठेवून उचलतात व त्याच आसनावर राजास बसवितात. न्यिकांग त्याच्यांत संचरला, अशी श्रद्धा. राजे जातात, न्यिकांग राहतो.

डिसेंबर २०१३ मध्यें दक्षिण सुदानांत यादवी पेटली. मलाकाल शहर वारंवार हातोहात जाऊन उद्ध्वस्त झालें, आणि हजारों शिलुक माणसें परागंदा झालीं. गादीचे विधि त्या नदीकांठच्या स्थळांशीं बांधलेले आहेत. भाषा तेवढी माणसाबरोबर जाऊं शकते. परंतु जिचें व्याकरणच सुरांत आहे, ती भाषा नुसत्या अक्षरांवरून शिकतां येत नाहीं. परक्या मुलुखांत मुलांच्या कानांवर ती पडत राहिली, तरच ती टिकेल.