वाचावें, पण लिहूं नये

संगणकाच्या कित्येक आधुनिक भाषांत वस्तूच्या ‘गुणधर्मा’स दोन दारें असतात : एक वाचण्याचें, दुसरें लिहिण्याचें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या सी-शार्प भाषेंत त्यांस ‘गेट’ व ‘सेट’ म्हणतात. तिचे मुख्य रचनाकार अँडर्स हेल्सबर्ग यांनीं तत्पूर्वीं, १९९५ सालच्या डेल्फींत, हीच योजना ‘रीड’ व ‘राइट’ या नांवांनीं केली होती. जें दार नको तें लिहूंच नये, कीं गुणधर्म एकमार्गी झाला. व्हिज्युअल बेसिकच्या डॉटनेट अवतारांत मात्र दार गाळावयाचें असल्यास ‘रीडओन्ली’ अथवा ‘राइटओन्ली’ असें स्पष्ट लिहावें लागतें. कित्येकांस ही कटकट वाटते; मला ती बरी वाटते, कारण दार हेतुपुरस्सर गाळलें कीं विसरलें, याविषयीं संशय उरत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनीं प्रगतिपुस्तकाची आज्ञावली डोळ्यांपुढें आणावी. एकूण गुण म्हणजे विषयवार गुणांची बेरीज. ती बाहेरून लिहितां आली, तर गणितांत ४०, मराठींत ५०, आणि एकूण ९५, असा घोटाळा कोणीही करूं शकेल. म्हणून ‘एकूण’ला केवळ वाचण्याचें दार. लिहूं पाहणाऱ्यास कंपायलर आज्ञावली चालण्यापूर्वींच अडवितो.

येथें एक फसगत संभवते, व ती मीं स्वतः अनुभविली आहे. गुणांची यादी मीं ‘केवळ-वाच्य’ केली आणि निश्चिंत झालों. परंतु दारांतून बाहेर जाई ती यादीची नक्कल नव्हे, मूळ यादीच! तिच्या जागीं दुसरी यादी ठेवतां येत नव्हती खरी. पण तिच्यांतील आंकडे कोणासही खोडतां येत होते. कांचेच्या पेटींत सूचना लावावी आणि पेटी किल्लीसह वाचकाच्या हातीं द्यावी, तसा हा प्रकार. ‘तुला बदलतां येत नाहीं’ आणि ‘हें बदलतच नाहीं’ हीं दोन निरनिराळीं वचनें होत. सी-शार्पमध्यें २०२० सालीं ‘इनिट’ हा लिहिण्याच्या दाराचा नवा प्रकार आला : वस्तु घडतांना लिहावें, पुढें नाहीं. (यादीच्या आंतील आंकड्यांचें रक्षण तोही करीत नाहीं!)

‘केवळ-लेख्य’ गुणधर्म विरळा. संकेतशब्द टपालपेटींतील पत्राप्रमाणें आंत जावा, परत दिसूं नये, हें ठीकच. तथापि जेथें ‘=’ चिन्हानें लिहितां येतें तेथें वाचतांही येईल, अशी सर्वांची समजूत असते; ‘+=’ ही भर घालण्याची क्रियाही आधीं वाचते, मग लिहिते. म्हणून मायक्रोसॉफ्टचे डॉटनेट रचना-नियम असा गुणधर्म करूंच नये असें सांगतात. त्याऐवजीं ‘संकेतशब्द ठेव’ अशी सरळ क्रिया लिहावी.