ब्रेकचे पेडल आणि हील-टो : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तलमडुगुहून आदिलाबादला यावे आणि तेथून जुन्या रस्त्याने निर्मलकडे निघावे, म्हणजे कपाशीची शेते मागे पडून महबूब घाटाची वळणे सुरू होतात. आणि ज्या मालकाने आपली ऑटोमॅटिक गाडी हाताने गिअर टाकण्याची करून घेतली आहे, त्याला पायाखालची तिन्ही पेडल परस्परांशी कितपत जुळली आहेत याचा खरा प्रत्यय त्या उतारावरच येतो.

या फेरफाराविषयी रूढ असलेल्या समजांपैकी सर्वांत बळकट, आणि माझ्या मते सर्वांत घातक, समज असा की ब्रेकचे पेडल आणि अ‍ॅक्सिलरेटर ही एका पातळीत असावीत, सबब उंच दिसणारे ब्रेकचे पेडल मिस्त्रीकडून खाली उतरवून घ्यावे. वस्तुस्थिती निराळी आहे. ब्रेकचे पेडल उंच ठेवण्यात कारखानदाराचा हेतू असतो : एकाच तळव्याखाली दोन्ही पेडल चुकून एकदम दाबली जाऊ नयेत, यासाठी ती तजवीज बुद्धिपुरस्सर केलेली असते. पातळी पाहावयाची ती पेडल मोकळे असतानाची नव्हे, तर ब्रेक नेटाने दाबलेला असतानाची. त्या स्थितीत ते अ‍ॅक्सिलरेटरच्या बरोबरीला किंवा किंचित वरच राहिले पाहिजे. ते त्याहून खाली गेले, तर ब्रेक दाबता दाबता बुटाची कड अ‍ॅक्सिलरेटरवर पडते आणि जी गाडी थांबावयाची तिलाच रेस मिळते.

हे मोजतानाही एक चूक सर्रास होते, ती म्हणजे इंजिन बंद ठेवून मोजणे. इंजिन बंद केल्यावर दोन-चार वेळा ब्रेक दाबला की बूस्टरमधील निर्वात संपतो, पेडल दगडासारखे कठीण होते आणि जेथवर जावयाचे तेथवर जातच नाही. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवावे. एकाने घाटात दाबावा तसा ब्रेक दाबून धरावा आणि दुसऱ्याने खाली वाकून दोन्ही पेडलांची तळापासूनची उंची पट्टीने पाहावी. पायाखालचे जाड पायपुसणे त्यापूर्वी काढून टाकावे, कारण टाच उचलली गेली की सारे माप फिरते.

एवढे करूनही दोन्ही पेडलांच्या उंचीतले अंतर जास्त निघालेच, तर ब्रेकला हात न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर पक्की बसणारी पट्टी चढवून तो उंच करणे, आणि तो दाबून सोडल्यावर कोठेही न अडकता परत येतो याची खातरजमा करणे, हा मला अधिक सुरक्षित मार्ग वाटतो. ब्रेकचे पेडल खाली आणण्यासाठी मागच्या दांड्याची लांबी कमी केली, तर पेडल आणि गाडीचा तळ यांमधील राखीव अंतर घटते, आणि ब्रेकच्या दोन मंडलांपैकी एक निकामी झाल्यास दुसऱ्याचा जोर लागण्यापूर्वीच पेडल तळाला टेकण्याचा संभव असतो. दांडा तसाच ठेवून नुसता वरचा अडथळा खाली सरकविला, तर मास्टर सिलिंडरमधील तेल परत जाण्याचे छिद्र झाकले जाऊन ब्रेक अर्धवट लागलेलेच राहतात आणि तापतात. ऑटोमॅटिक गाडीचे रुंद ब्रेकपेडल कापून क्लचला जागा करणे हीदेखील अशीच कामचलाऊ युक्ती होय. त्याच गाडीच्या मॅन्युअल प्रकारातील पेडलांचा संपूर्ण सांगाडा मिळवून तोच बसवावा.

आता हील-टोविषयी, म्हणजे एकाच पायाने ब्रेक दाबून धरीत अ‍ॅक्सिलरेटरला रेस देण्याविषयी. ही शर्यतीतल्या लोकांची मिजास आहे असे पुष्कळांना वाटते. पण 1947 पासून महिंद्रा कंपनीने जोडणीस घेतलेल्या विलिस जीपमध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरबॉक्समधील फेरे जुळविणारी रचना, नसे, त्यामुळे गाडी चालती असताना त्यात गिअर पाडावयाचा तर डबल क्लच मारून मध्ये रेस द्यावीच लागे, आणि उतारावर तेच ब्रेक न सोडता करावयाचे म्हणजे एका पायाने दोन कामे करणे ओघानेच आले. सिंक्रोमेश आल्याने याची गरज उरली नाही, हा समजही अर्धाच खरा. सिंक्रोमेश गिअरबॉक्समधील फेरे जुळविते, इंजिनाचे नव्हे. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना इंजिनाचे फेरे सुमारे दीडपट व्हावे लागतात, म्हणजे मिनिटाला 2000 असतील तर 3000. क्लच सोडण्यापूर्वी ते रेस देऊन वाढविले नाहीत, तर फेऱ्यांतील या फरकाचा ताण चाकांवर येतो आणि ओल्या वळणावर मागच्या चाकांना ओढ असलेली गाडी घसरू शकते. यासाठी टाच अ‍ॅक्सिलरेटरवर गेलीच पाहिजे असेही नाही : चवडा ब्रेकवर स्थिर ठेवून तळव्याची उजवी कड कलती करणे बहुतेकांना पुरते. मात्र ब्रेकवरील दाब त्या क्षणी कमीजास्त होता कामा नये, आणि हा सराव मोकळ्या मैदानात होईपर्यंत घाटात करू नये. खालच्या गिअरमध्ये वळणापूर्वीच येणे, हे साध्या प्रवासात पुरेसे आहे.

पेडल अचूक बसवूनही काही गाड्यांत रेस मिळतच नाही. अ‍ॅक्सिलरेटर तारेने नव्हे तर विजेच्या संकेताने चालणाऱ्या कित्येक नव्या गाड्यांत, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबले गेल्यास इंजिनाचा जोर आपोआप कमी करण्याची सुरक्षेची तरतूद असते. तेथे मिस्त्रीला दोष देणे व्यर्थ आहे, आणि ती तरतूद बंद करून घेणे मला समर्थनीय वाटत नाही.

ब्रेकचे पेडल हलविले की मागच्या लाल दिव्याचा स्विच नव्याने जुळवावा लागतो, अन्यथा दिवा सतत जळत राहतो किंवा ब्रेक लागूनही लागत नाही. ऑटोमॅटिक गाडी केवळ पार्क किंवा न्यूट्रलमध्येच सुरू होते. तो अटकाव फेरफारात नाहीसा होतो, म्हणून क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये असा स्विच बसवून घ्यावा. आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ नोंदीशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई करीत असल्याने, गिअरबॉक्स उतरविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करून त्या उत्तराची प्रत गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी.